जोडलेला असताना, सोडलेला असताना

मला स्वतःचं इंजिन नाही, मित्रांनो. मी एक जुना ट्रेलर आहे, चाकांवरचं घर. माझ्या पुढच्या अंगाला एक लोखंडी दांडी आहे. ती पिकअपच्या मागच्या गोळ्यावर बसवली, खिट्टी लावली, दोन्ही साखळ्या अडकवल्या, की मी चालू लागतो. दांडी काढली की उभा. जन्मभर मी दुसऱ्याच्या जिवावर हिंडलो आणि त्याची मला कधी लाज वाटली नाही. पण जोडलेला ट्रेलर आणि सोडलेला ट्रेलर यांत केवढा फरक असतो, ते मला फार उशिरा कळलं.

माझा जन्म इंडियानातल्या एका कारखान्यात झाला. पांढऱ्या टोप्या घातलेल्या बायका माझ्या भिंती पिना मारून जोडत होत्या आणि आपसात लग्नाच्या जेवणाबद्दल बोलत होत्या. त्यांचे हात फार चपळ. इतके चपळ, की छताचा एक सांधा नीट लिंपायचा राहूनच गेला. मी नवाकोरा, चकचकीत असा बाहेर पडलो आणि नेब्रास्कातल्या एका दुकानाच्या अंगणात इतर ट्रेलरांच्या रांगेत येऊन उभा राहिलो.

तिथे मला लाइल वोंड्रा याने पाहिलं. उंच, वाकलेला, बोलण्यात कंजूष माणूस. जन्म धान्याच्या कोठारावर गेलेला, नुकताच निवृत्त झालेला. त्याने माझ्याभोवती फेरी मारली, चाकाला बुटाने ढोसून पाहिलं, शिडी मागून घेतली आणि छतावर चढला. बोटांनी सांधा चाचपून म्हणाला, "पाणी इथून शिरणार." तरी त्याने मलाच घेतलं. का, ते त्याच्या बायकोने, आर्डिथनेही विचारलं. तो म्हणाला, "याचा दोष निदान मला माहीत आहे."

मित्रांनो, ती वर्षं चांगली होती. उन्हाळा लागला की आम्ही तलावावर जायचो. लाइल मासे धरायचा, आर्डिथ माझ्या एवढ्याशा भट्टीत जर्दाळूचे कोलाचे, म्हणजे मध्ये फळाचं सारण भरलेले गोड पाव, भाजायची. माझी भट्टी एकाच बाजूने तापते, त्यामुळे अर्धे कोलाचे करपायचे. "याचा डावा गाल गरम आहे," असं म्हणून ती करपलेले लाइलला वाढायची आणि चांगले आपल्या भावासाठी झाकून ठेवायची. लाइल निमूट खायचा.

हा भाऊ म्हणजे रोलंड पेसेक. आई लवकर गेली, तेव्हा आर्डिथनेच त्याला न्हाऊमाखू घालून वाढवलं होतं. आता तो गावात विमा विकायचा. गुबगुबीत, हसरा, सगळ्यांचा लाडका. गावातल्या पोरांच्या बेसबॉलच्या सदऱ्यांचे पैसे तो द्यायचा, म्हणून पाठीमागे त्याचंच नाव असायचं. लाइलच्या घराचा विमा त्याच्याकडे, पिकअपचा विमा त्याच्याकडे. घरचा माणूस असताना बाहेर कोण जाणार?

एकदा तलावावर मला मागे घेताना लाइलचा अंदाज चुकला आणि माझी कड एका अनोळखी माणसाच्या मोटारीत घुसली. तो माणूस बराच वेळ आरडाओरडा करत होता. लाइल मान खाली घालून ऐकत राहिला. पण पुढे काही त्रास झाला नाही. पिकअपच्या विम्यातून त्या माणसाची मोटार दुरुस्त झाली आणि रोलंड छाती पुढे काढून म्हणाला, "बघितलंस ना? पिकअपचा विमा ट्रेलरलाही पुरतो."

हे खरं होतं, पण अर्धंच. पिकअपला जोडलेला असताना मी दुसऱ्याचं जे नुकसान केलं, ते विम्याने भरून दिलं. माझी स्वतःची कड चेपली होती, तिचं काय? ती लाइलने अंगणात हातोडीने ठोकून सरळ केली. ते पैसे कोणी द्यायचे, हे त्याच्या मनातही आलं नाही. आणि रोलंडने ती अर्धी राहिलेली गोष्ट सांगितली नाही.

पुढे लाइलचा गुडघा गेला. तलाव बंद झाला. मला घराजवळच्या धान्याच्या कोठीमागे नेऊन ठेवलं. दांडीखाली लाकडाचा ठोकळा, चाकांवर धूळ, गाद्यांत उंदरांची बिऱ्हाडं. छताच्या त्या सांध्यातून पाणी शिरलं आणि जमिनीची फळी फुगली. आपला उपयोग संपला असं मी समजून चाललो होतो. तशात जोलीन घरी आली.

जोलीन लाइलची एकुलती एक मुलगी. चाळिशी उलटलेली. लिंकनमध्ये तिचा संसार होता, तो मोडला. मोटारीत मावलं तेवढं सामान घेऊन ती आली आणि गावातल्या वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांची सेवा करायच्या नोकरीला लागली. आर्डिथने तिच्यासाठी शिवणाची खोली रिकामी केली. जोलीन दारातच उभी राहून म्हणाली, "मॉम, मी याच खोलीतून लग्न करून गेले. परत याच खोलीत झोपायला मला सांगू नकोस."

"मग कुठे झोपणार? धान्याच्या कोठीत?"

"कोठीमागे," जोलीन म्हणाली.

असा मी पुन्हा माणसात आलो. जोलीनने आपल्या साठवलेल्या पैशांतून माझी जमीन बदलली, नवी गादी आणली, कपाटांना पिवळा रंग दिला. तो रंग देताना ती गुणगुणायची. लाइल गुडघा धरत छतावर चढला आणि त्याने सगळे सांधे नव्याने लिंपले. खाली उतरल्यावर बाप आणि लेक माझ्या पायरीवर बसून बिअर प्यायले. जोलीन म्हणाली, "डॅड, माझ्या आयुष्यात हे पहिलंच घर आहे ज्याची किल्ली फक्त माझ्याकडे आहे." मित्रांनो, मला शाबासकी पुष्कळ मिळाली होती, पण असं कोणी बोललं नव्हतं.

त्यानंतरच्या रविवारी रोलंड चर्चमधून थेट इकडे आला. जोलीन कामावर गेली होती. आर्डिथ माझ्या सावलीत खुर्ची टाकून वाटाणे सोलत होती. रोलंड माझ्या पायरीवर ऐसपैस बसला आणि त्याने कोलाच्याचं ताट मांडीवर घेतलं. लाइल त्याच्यासमोर उभा राहिला.

"रोलंड, एक विचारायचं होतं. हा आता जोडलेला नाही. इथेच उभा राहणार. आणि जोलीन आत राहणार. वाऱ्याने उलटला, आग लागली, तर?"

"तर काय?"

"तर विमा देईल का? वेगळा काढावा लागत असेल तर आज काढतो. तिचं सगळं यात आहे."

रोलंडने तोंडातला घास संपवला. बोटं चाटली. मग म्हणाला, "काही वेगळं नको. पिकअपच्या पॉलिसीत येतं सगळं."

"सोडलेला असला तरी?"

"अरे बाबा, सोडलेला असला तरी. बहिणीच्या घराला मी उघडं ठेवीन का? ताई, सांग याला."

आर्डिथ हसली. "तो एवढं म्हणतोय ना, लाइल. बसू दे त्याला जरा."

हे बोलणं माझ्या पायरीवर झालं. आर्डिथ हाताच्या अंतरावर होती. वाटाण्याची टोपली संपेपर्यंत ती खुर्चीवरून उठलीसुद्धा नाही.

दुसऱ्या वर्षी मक्याला कणसं धरायच्या दिवसांत एका दुपारी आभाळ हिरवं पडलं. गावातला वादळाचा भोंगा वाजला. जोलीन नुकतीच कामावरून येऊन पडली होती. लाइल लंगडत आला आणि त्याने तिला हाताला धरून ओढलं. ती म्हणाली, "थांबा, माझी पेटी." तो म्हणाला, "पेटी राहू दे." ती दोघं घराच्या तळघरात पोचली न पोचली तोच वारा आला.

मी जोडलेला असतो तर पिकअपने मला धरून ठेवलं असतं का, मला माहीत नाही. बहुधा दोघंही गेलो असतो. मी ठोकळ्यावरून सरकलो, एका चाकावर उठलो आणि आडवा झालो. मग आणखी एकदा उलटलो. कोठीपलीकडच्या सुरूच्या झाडांनी मला अडवलं. छत डबा उघडावा तसं उघडलं होतं. जोलीनचे कपडे झाडांवर लटकले होते. पिवळी कपाटं मक्याच्या शेतात पडली होती आणि त्यानंतर पडलेल्या गारांनी उरलंसुरलं फोडून टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रोलंड डोनटचा खोका घेऊन आला. मला पाहिल्यावर त्याने खोका मोटारीच्या टपावर ठेवला आणि तो तिथेच विसरला. लाइलला म्हणाला, "मी बघतो." लाइल शेतातून कपाटाची दारं गोळा करायला गेला, तेव्हा रोलंडने आर्डिथला माझ्या आडोशाला घेतलं.

"ताई, ऐक. हे विम्यात येत नाही."

"म्हणजे? तू तर म्हणालास..."

"हळू बोल. आमची कंपनी उभ्या ट्रेलरचा विमा करतच नाही, तेही आत माणूस राहत असेल तर नाहीच नाही. मी खरं सांगितलं असतं तर लाइल गावातल्या दुसऱ्या एजंटकडे गेला असता. एकदा गेला की घराचा विमा गेला, पिकअपचा गेला. मला वाटलं, ट्रेलर तो, कुठे जातोय."

आर्डिथने शेतात वाकलेल्या लाइलकडे पाहिलं.

"कंपनीने विचारलं तर तुला आठवत नाही म्हण. खोटं बोलू नकोस, नुसतं आठवत नाही म्हण. नाहीतर माझं लायसन्स जाईल. दोन्ही मुलं कॉलेजात आहेत. ताई, मला तुझ्याशिवाय कोण आहे?"

तिने त्याच्या सदऱ्याची कॉलर नीट केली. लहानपणी शाळेत पाठवताना करत असेल तशी. त्या एका हातावरून मी ओळखलं की लाइल हरला.

पाहणी करायला कंपनीची एक बाई आली. मायाळू होती, चिखलात गुडघ्यावर बसून तिने माझा सांगाडा पाहिला. मग लाइलला म्हणाली, "मिस्टर वोंड्रा, मला वाईट वाटतं. ट्रेलर जोडलेला असताना त्याच्यामुळे दुसऱ्याचं नुकसान झालं, तर ते तुमच्या पिकअपच्या विम्यात येतं. ट्रेलरचं स्वतःचं नुकसान येत नाही. त्याचा वेगळा विमा लागतो. आणि सोडून उभा केला, आत कोणी कायमचं राहायला लागलं, की तो आणखी निराळा."

"मी एजंटला हेच विचारलं होतं," लाइल म्हणाला. "सोडलेला असला तरी चालतं, असं तो म्हणाला."

रोलंड शेजारीच उभा होता. त्याने खेदाने मान हलवली. "लाइल, जोडलेला असताना, असं म्हणालो होतो मी. तुझी ऐकण्यात गल्लत झाली."

बाईने विचारलं, "त्या वेळी आणखी कोणी होतं?"

लाइलने वळून बायकोकडे पाहिलं. त्याच्या तोंडावर काळजी नव्हती. उलट सुटल्यासारखा भाव होता. उत्तर मिळणारच, अशा खात्रीने तो बघत होता.

"मला नीट आठवत नाही," आर्डिथ म्हणाली. "मी घरात ये-जा करत होते."

मित्रांनो, मला तोंड असतं तर मी बोललो असतो. ती उठली नव्हती, हे मला ठाऊक होतं. पण माझ्यासारख्याची साक्ष कोण घेणार? बाईने मान डोलावली, लाइलशी हात मिळवला आणि ती गेली. लाइल पडलेल्या माझ्या अंगाला टेकून उभा राहिला आणि दुखरा गुडघा चोळत राहिला.

संध्याकाळी जोलीन आली. तिने कामावरचे कपडेही बदलले नव्हते. तिला घरातून सगळं कळलं होतं, म्हणजे रोलंडने सांगितलं होतं तसं.

"डॅड, तुम्ही नीट विचारलं तरी होतं का?"

लाइल म्हणाला, "विचारलं होतं."

"मग रोलंड अंकल खोटं बोलतात?"

लाइलने पुन्हा आर्डिथकडे पाहिलं. या वेळी तिथे कंपनीची बाई नव्हती आणि रोलंडही नव्हता. बाप, लेक, आई आणि मोडलेला मी. आर्डिथ जमिनीवरचे काचेचे तुकडे वेचत राहिली.

"मी दुसरीकडून काढला असता विमा," जोलीन म्हणाली. "तुम्ही म्हणालात, काळजी करू नकोस, मी बघितलंय. मी तुमच्यावर सोडलं. नवऱ्यानेही असंच सांगितलं होतं मला, लिंकनमध्ये, घराच्या हप्त्यांचं. मी बघितलंय म्हणाला होता." तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "सगळे पुरुष बघतात आणि रस्त्यावर मी येते."

थंडी पडायच्या आत ती वायोमिंगला निघून गेली. तिथल्या एका वृद्धाश्रमात तिला नोकरी मिळाली. जाताना तिने आईला मिठी मारली. बापाला म्हणाली, "गुडघ्याला जपा."

लाइलने शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरने मला सरळ उभं केलं. छतावर ताडपत्री बांधली. दुरुस्ती होण्यासारखी नव्हती हे त्यालाही कळत होतं, तरी तो रोज येऊन काही तरी ठोकत बसायचा. मग नोव्हेंबरातला थँक्सगिव्हिंगचा सण आला, सगळ्या घराने एकत्र जेवायचा. रोलंड दरवर्षीसारखा बायकोमुलांसह जेवायला आला. त्याची मोटार अंगणात शिरलेली पाहिली आणि लाइलने आपलं ताट उचललं. टर्की, बटाटे, सगळं वाढून घेऊन तो माझ्यात येऊन बसला. ताडपत्री फडफडत होती. त्याने कोट चढवला आणि जेवायला लागला.

पुढच्या वर्षीही तसंच झालं. घरातल्यांनी त्याची थट्टा करायला सुरुवात केली. रोलंड खिडकीतून हात हलवायचा. "म्हातारा फिरायला निघाला वाटतं," असं म्हणायचा आणि सगळे हसायचे. आर्डिथही हसायची. तिसऱ्या वर्षी मात्र ती भोपळ्याच्या गोड ‘पाय’चा, सणाच्या त्या केकसारख्या पदार्थाचा, तुकडा बशीत घेऊन माझ्याकडे आली. पायरी राहिली नव्हती. ती बाहेरच उभी राहिली आणि तिने बशी आत सरकवली.

"लोक काय म्हणत असतील, लाइल."

तो जेवत राहिला.

ती म्हणाली, "तो म्हणाला होता. सोडलेला असला तरी चालतं, असंच म्हणाला होता. मी ऐकलं होतं."

"माहीत आहे मला."

"त्याचं लायसन्स गेलं असतं. मुलं शिकत होती. मी त्याला अंगाखांद्यावर वाढवलंय, तुला ठाऊक आहे. त्या बाईसमोर मी कसं सांगणार होते?"

लाइलने काटा खाली ठेवला. "त्या बाईचं सोड. कंपनीचंही सोड. मी पैशांसाठी तुझ्याकडे बघितलं नव्हतं, आर्डिथ. जोलीनने मला विचारलं, तेव्हा तू शेजारी होतीस."

ती रडू लागली. लाइलने तिला आत घेतलं नाही, आणि जा असंही म्हटलं नाही.

"आता सांगू तिला?" तिने विचारलं. "आत्ता फोन करू?"

"कर."

तिने ॲप्रनला डोळे पुसले आणि ती घराकडे निघाली. चालताना तिने दोनदा मागे पाहिलं. तिने दार उघडलं तेव्हा आतून रोलंडचा आवाज आला, "ताई, कॉफी कुठंय?" आणि दार लागलं. लाइल बराच वेळ त्या दाराकडे बघत बसला. बशीतला तुकडा त्याने खाल्ला नाही.

वसंतात लाइलने मला एका गुराख्याला देऊन टाकलं. गुराखी आपला ट्रक मागे घेऊन आला. लाइलने स्वतः माझी दांडी गोळ्यावर बसवली, खिट्टी लावली, साखळ्या अडकवल्या. मग कमरेत ताठ होत त्याने घराच्या पायरीवर उभ्या असलेल्या आर्डिथला विचारलं. मोठ्याने नाही, हवापाणी विचारावं तसं.

"केलास का फोन?"

"करते म्हटलं ना," ती म्हणाली.

आता मी एका कुरणाच्या कडेला आहे. माझ्यात मिठाच्या लाद्या आणि गुरांच्या खाद्याची पोती आहेत. एका भिंतीवर थोडा पिवळा रंग राहिला आहे. गुराखी भला माणूस आहे, पण त्याला माझं काही विचारायचं नाही आणि मला सांगता येत नाही. लाइल गेल्या हिवाळ्यात वारला. गुराखी आपल्या बायकोला सांगत होता, म्हणून मला कळलं. मुलगी मातीला आली, दुपारीच परत गेली, बापाच्या शवपेटीपाशी थांबली नाही, असं तो म्हणाला. रोलंडने चर्चमध्ये चांगलं भाषण केलं म्हणे. सगळ्यांना रडवलं.

मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी माझ्यासारखं चाकांवरचं घर घेतलं, तर त्याच्या छताचे सांधे दरवर्षी लिंपा. चाकांवर ऊन पडू देऊ नका. विमा काढायला बसाल तेव्हा समोरचा घरचा असला तरी त्याला परका समजून विचारा. जोडलेला असताना काय, सोडलेला असताना काय, आत माणूस राहत असेल तर काय, आणि मोडलं ते दुसऱ्याचं की स्वतःचं. तो हसला तरी पुन्हा विचारा. एवढं केलंत तर माझ्यासारखे ट्रेलर वाचतील.

आणि तुम्ही विचारणारे नसाल, शेजारी खुर्चीवर बसून नुसतं ऐकणारे असाल, तर तुम्हाला काय सांगू? कंपनीला सांगू नका हवं तर. पण एखादी पोर बापासमोर उभी राहून विचारत असेल, तर काचा नंतर वेचा.